दर पावसाळ्यात वाकणारी टेबल सॉची फेन्स: दोष नेमका कुठे असतो आणि तो कसा काढायचा

जून संपत आला की ही तक्रार हमखास कानावर येते. मे महिन्यात फेन्स (टेबलातून पातं वर येणाऱ्या करवतीवर, म्हणजे टेबल सॉवर, माल टेकवून सरळ पुढे न्यायची धातूची आडवी दांडी) व्यवस्थित होती. आता दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायला घेतल्या तर मधे झिरी दिसते, सागाची कड तपकिरी जळून येते, नाहीतर शेवटच्या वीतभर अंतरात माल पात्याशी अडल्यासारखा होतो. मग फेन्स काढायची, गुडघ्यावर ठेवून उलट दाबायची आणि परत बसवायची. दिवाळीपर्यंत निभावतं. पुढच्या जूनला पहिले पाढे पंचावन्न.

माझं छोटं वर्कशॉप ऐरोलीत, रो-हाऊसच्या तळमजल्यावर आहे आणि खाडी जवळच. ठाण्यात कोपरी-कळव्याकडे किंवा इकडे कोपरखैरणे, वाशीपर्यंत घरी सुतारकाम करणाऱ्या सगळ्यांची हवा थोड्याफार फरकाने हीच. माझं म्हणणं असं की दरवर्षी ठरल्या वेळी वाकणारी फेन्स बहुतेक वेळा वाकलेली नसतेच. ॲल्युमिनियम पाणी पीत नाही. पाणी पितं ते तिच्यावर आपण लावलेलं प्लाय किंवा एमडीएफ. बाक आधी त्या पट्टीला येतो, आणि ती घट्ट आवळलेली असली की धातूलाही सोबत ओढते. गुडघ्यावर दाबून आपण चांगल्या धातूत कायमचा बाक भरतो.

म्हणून पान्हा हातात घेण्याआधी माल काय सांगतोय ते बघा.

लक्षणं

फेन्स आणि पात्याच्या मधे राहणाऱ्या तुकड्याची कड जळत असेल आणि माल ढकलायला जोर लागत असेल, तर फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे मिटते आहे. हा बाक नव्हे, तिरकेपणा. फेन्स सरळच असते, फक्त चुकीच्या कोनात लॉक झालेली असते. यात जळण्यापेक्षा मोठा धोका किकबॅकचा आहे. पात्याचे मागचे दात टेबलातून वर येत असतात. माल त्यांच्यात आणि फेन्समध्ये चेपला गेला की ते तो उचलून सरळ तुमच्याकडे फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला 4,500 फेरे घेतंय असं धरलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी 200 किमीच्या वर जातो. तेव्हा या लक्षणावर 'चालतंय ना, चालू दे' करू नका.

याउलट, बाहेर पडणाऱ्या तुकड्यावर मागच्या दातांचे कमानदार ओरखडे दिसत असतील तर फेन्स मागे जास्त उघडलेली आहे, किंवा पातंच माइटरच्या खाचेशी (टेबलात पात्याशेजारी असलेल्या लांब खाचेशी) समांतर नाही.

चिकटवताना मधे किंवा टोकांना झिरी येते, तेव्हा मात्र बाकाचा संशय घ्यायचा. फेन्स तिरकी असली की माल निमुळता निघतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. सरळ पण तिरक्या फेन्सवर कड जळेल, ओरखडे येतील, पण रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच राहील. रुंदी बदलते ती दोन कारणांनी. एक तर फेन्सला पोट किंवा खळगा आहे आणि माल त्यावर झोके घेतोय, नाहीतर फेन्सला टेकवलेली मालाची कडच सरळ नाही. दुसरं कारण आपल्याकडे फार सापडतं. दुकानातून प्लाय कापून आणलं की ती कड हातात धरलेल्या कटरने मारलेली असते, आणि ती सापासारखी वळलेली असू शकते. फेन्सला शिव्या घालण्याआधी अख्ख्या 8×4 शीटची कारखान्यातून आलेली कड टेकवून एक काप घेऊन बघा.

चौथं लक्षण कमी ओळखलं जातं. कापाच्या एका टोकाला कड काटकोनात आणि दुसऱ्या टोकाला किंचित कलती. हा पीळ. गुण्या टेबलावर ठेवून फेन्सच्या पुढे, मधे आणि मागे टेकवला की लगेच कळतो.

आणि दर लॉकला वेगळंच काहीतरी होत असेल, एकदा बरोबर आणि एकदा चूक, तर फेन्सकडे बघूच नका. पुढच्या रेलवर, म्हणजे फेन्स जिच्यावर सरकते आणि लॉक होते त्या दांडीवर, हात फिरवा. पावसाळ्यात तिथे गंजाचे खवले धरतात, त्यात भुसा चिकटतो आणि फेन्सचं डोकं दरवेळी वेगळं बसतं. बारीक स्टील वूलने रेल घासा, कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर फर्निचरचं साधं मेण. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तपासणी

मशीनचा प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, पिन सॉकेटमधून बाहेर आलेली डोळ्यांना दिसली पाहिजे.

पहिलं मोजमाप पातं आणि माइटरची खाच यांचं. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर घ्या, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि परत मोजा. एकच दात वापरायचा म्हणजे पात्याचा स्वतःचा लचका मोजमापात येत नाही. फरक 0.1 मिमीच्या आसपास असेल तर पुढे जा. जास्त असेल तर आधी ते ट्रनियनच्या (टेबलाखाली पात्याचा सांगाडा धरणाऱ्या भागाच्या) बोल्टवरून सुधारा. पातंच तिरकं असताना फेन्स जुळवणं म्हणजे चुकीच्या घड्याळावरून गाडी पकडणं.

आता फेन्सचा सरळपणा. यासाठी महागडी स्ट्रेटएज लागत नाही. वर्कशॉपमधली स्टीलची मीटरपट्टी किंवा गवंड्याची ॲल्युमिनियमची पट्टी सरळ आहे असं गृहीत धरू नका. पट्टीने कागदावर रेघ मारा, पट्टी उलटवून त्याच दोन टोकांमधून परत रेघ मारा. दोन रेघांमधे फट दिसली तर पट्टीचा खरा बाक त्या फटीच्या निम्मा. पण त्यापेक्षा सोपी आणि जास्त भरवशाची वस्तू म्हणजे मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा.

एकाच बॉक्समधले 3 मिमीचे तीन ड्रिल बिट घ्या. दोन बिट फेन्सच्या दोन टोकांना, दांडा फेन्सच्या तोंडाला टेकवून उभे ठेवा आणि मास्किंग टेपने चिकटवा. तंगूस त्या दोन्ही दांड्यांवरून ताणून फेन्सच्या टोकांना पक्की बांधा, बोटाने छेडली की आवाज यावा इतकी ताठ. आता तंगूस फेन्सच्या तोंडापासून दोन्ही टोकांना बरोबर एका दांड्याइतकी लांब आहे. तिसऱ्या बिटाचा दांडा तंगूस आणि फेन्स यांच्यामधे उभा धरून सरकवत न्या. जिथे दांडा तंगूस बाहेर ढकलतो, तिथे पोट आहे. जिथे तो सैल हलतो, तिथे खळगा. किती ते मोजायचं तर दांड्याच्या मागे साध्या झेरॉक्स कागदाचे तुकडे घालत जा. असा एक कागद जाडीला सुमारे 0.1 मिमी भरतो. तंगूस आपल्या वजनाने खाली किंचित झोळते, पण आपण आडवं अंतर मोजतोय, म्हणून त्याचा त्रास नाही. हाच खेळ फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाने) जास्त नेमका होतो, पण कागदानेही अडत नाही.

हे मोजमाप तीन अवस्थांमधे घ्या आणि लिहून ठेवा. लाकडी पट्टी लावलेली आणि फेन्स लॉक केलेली. पट्टी लावलेली पण लॉक सैल. आणि पट्टी काढून उघडी फेन्स. खरं निदान या तीन आकड्यांच्या तुलनेत आहे. लॉक केल्यावरच बाक येत असेल तर दोष लॉकच्या ओढीत. पट्टी काढल्यावर बाक गेला तर दोष पट्टीत किंवा ती आवळण्यात. उघड्या फेन्सवरही बाक तसाच राहिला, तरच धातूचा विचार करायचा.

लॉकची ओढ

छोट्या बेंचटॉप मशीनची फेन्स पुढे आणि मागे दोन्हीकडे पकडते. मागचा हुक जास्त ताणून ठेवलेला असला की हँडल दाबताना पातळ ॲल्युमिनियम कमानीसारखं वाकतं. मागच्या टोकाला एक नट किंवा ॲलन स्क्रू असतो. तो पाव-पाव फेरा सैल करा आणि दरवेळी तंगुसेने बघा. फेन्सचं मागचं टोक बोटाने ढकलल्यावर हलत नाही, इतकी पकड पुरते.

लाकडी पट्टी, आणि दरवर्षीचं दुखणं

इथे जरा थांबतो, कारण 'दुरुस्त केलं आणि परत झालं' हा प्रकार जवळजवळ नेहमी इथला असतो.

आपल्याकडे जानेवारीच्या दुपारी हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असते आणि जुलैत ती ऐंशीच्या वर बसून राहते. लाकूड त्या हिशेबाने पाणी घेतं आणि सोडतं. कोरड्या दिवसांत त्यात वजनाच्या साधारण 9 ते 10 टक्के ओलावा राहतो, भर पावसाळ्यात तो 17 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. सगळी पट्टी सारखी फुगली तर बिघडत नाही. बिघडतं ते एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फुगली की. 600 मिमी लांब, 18 मिमी जाड पट्टी घ्या. तिच्या दोन बाजूंच्या लांबीत नुसता 0.1 मिमीचा फरक पडला तर मधोमध सुमारे 0.4 मिमीचा बाक येतो. म्हणजे कागदाएवढ्या फरकातून चार कागदांची झिरी.

आता आपण फेन्सची पट्टी कशी बनवतो ते आठवा. माल सरकावा म्हणून पुढच्या तोंडाला सनमायका. मागची बाजू फेन्सला लागणार, दिसणार नाही, म्हणून कच्ची. कडा कच्च्या. टी-बोल्टसाठी पाडलेली भोकंही कच्ची. पुढून पाणी शिरत नाही, मागून भरपूर शिरतं. वॉर्डरोबच्या शटरला बाहेरून 1 मिमीचा मायका लावला की आतून 0.8 मिमीचा लायनर, म्हणजे पातळ मायका, लावायलाच हवा, हे कुठलाही मिस्त्री झोपेतही सांगेल. लायनर वाचवला की शटर पहिल्याच पावसात वाकतं. फेन्सची पट्टी म्हणजे छोटं शटरच, पण तिच्या बाबतीत हा नियम कुणाला आठवत नाही.

'पण माझं प्लाय 710 मरीन आहे' हे उत्तरही ऐकायला मिळतं. आयएस 710 चा शिक्का गोंदाबद्दल भरवसा देतो. उकळत्या पाण्यातही थर सुटू नयेत असा तो गोंद. लाकूड पाणी पिणार नाही असं तो शिक्का म्हणत नाही. एमडीएफची तर गोष्टच वेगळी, त्याच्या कापलेल्या कडा स्पंजसारखं पाणी ओढतात. एचडीएचएमआर (ओलाव्याला जास्त टिकणारा दाट फायबर बोर्ड) बरं, पण तेही सीलबंद करावंच लागतं.

पट्टी नवी करायची असेल तर शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. भर जुलैत टेम्पोतून आलेलं प्लाय लगेच कापू नका. जमिनीवर आडवं टाकलं तर खालून एकाच बाजूला ओल धरतं, म्हणून खाली पट्ट्या टाकून दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं आठ-पंधरा दिवस ठेवा. 18 मिमी प्लाय, दोन्ही तोंडांना सारख्याच जाडीचा, शक्यतो एकाच शीटमधला मायका. फेव्हिकॉल लावून दोन्ही बाजू एकाच बैठकीत दाबा. भोकं पाडून झाल्यावर कडांना आणि भोकांच्या आतल्या भिंतींनाही सीलर मारा. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात उत्तम, चपडा लाखेचं पॉलिशही चालतं. सीलर ओलावा अडवत नाही, फक्त उशीर लावतो. आपल्याला तेवढंच हवं, फक्त तो उशीर दोन्ही बाजूंना सारखा लागला पाहिजे.

मग बसवणं. पट्टी फेन्सवर चार-पाच गोल भोकांतून करकचून आवळली की ती लांबीला हलू शकत नाही, आणि फुगायला जागा न मिळाल्यावर जिथे जमेल तिथे पोट काढते. मधलं एकच भोक गोल ठेवा. बाकीची भोकं लांबीच्या दिशेने 3-4 मिमी लांबट करा, गोल कानसीने दोन मिनिटांचं काम आहे. बोल्टच्या डोक्याखाली चपटा वॉशर घाला. मधला बोल्ट पक्का, बाकीचे ॲलन की दोन बोटांच्या चिमटीत धरून जितके फिरतील तितकेच. एका हाताने पट्टी धरून मधून बाहेरच्या दिशेने आवळत जा आणि प्रत्येक बोल्टनंतर तिसऱ्या बिटाचा दांडा एकदा सरकवून बघा. दांडा अडकला की कुठल्या बोल्टने ओढलं ते तिथल्या तिथे कळतं. सगळे बोल्ट लावून मग तपासलं तर कळत नाही.

उरलेला किरकोळ खळगा पॅकिंगने भरतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची भिंत सुमारे 0.1 मिमी जाड असते. कात्रीने तिचे तुकडे कापा, कडा ब्लेडसारख्या असतात तेव्हा हातमोजे घाला. पट्टी आणि फेन्स यांच्या मधे बोल्टच्या जागेजवळच ठेवा, दोन बोल्टच्या मधे अधांतरी नको. पिळाचा इलाजही हाच. गुण्या जिथे खालून फट दाखवतो तिथे पट्टीच्या खालच्या कडेमागे कॅनचा तुकडा, वरून दाखवतो तिथे वरच्या. कागदाचं पॅकिंग करू नका, तेही पावसात फुगतं.

लाकूडच नको म्हणणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून 50×25 मिमीचा चौकोनी सेक्शन घ्यायचा. खिडकीचा नेहमीचा माल भिंतीला पातळ असतो, तो दाबला की चेपतो. जाड भिंतीचा मागा आणि दुकानातच दोन-तीन नळ्या एकमेकींना पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरून निवडा. किचनच्या चॉपिंग बोर्डचं पांढरं एचडीपीई गुळगुळीत असतं, ओलावा जवळपास घेत नाही. पण उष्णतेने ते ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पटींनी लांबतं, त्यामुळे लांबट भोकं तिथेही हवीतच.

धातूच वाकला असेल तर

हे क्वचित होतं. फेन्स खाली पडलेली असते, नाहीतर आधी कुणीतरी गुडघ्यावर घेतलेली असते. उन्हामुळे वाकली हा तर्क सोडून द्या. ॲल्युमिनियम उष्णता इतकी पटकन पसरवतं की एका बाजूने ऊन लागलं तरी दोन बाजूंच्या तापमानात नाव घेण्याजोगा फरक राहत नाही.

बाक 0.2 मिमीच्या आत असेल तर घरीच घासून निघतो. साध्या फ्लोट काचेचा जाड तुकडा घ्या. टफन्ड काच नको, भट्टीतल्या रोलरमुळे तिच्यात लाटा असतात. काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, फेन्सच्या तोंडावर पेन्सिलने तिरप्या रेघा मारा आणि लांब हाताने घासा. रेघा जिथे आधी पुसल्या जातात ते उंचवटे. सगळ्या रेघा पुसल्या की थांबा.

त्याहून जास्त असेल तर उलट वाकवण्यात वेळ घालवू नका. ॲल्युमिनियम थोडं परत येतं, मग आपण जास्त दाबतो, आणि एका बाकाच्या जागी इंग्रजी एस तयार होतो. बाक अर्धा-पाऊण मिलिमीटर असला तर पॅकिंग घालून वर नवी पट्टी लावणं हाच शहाणपणा. अगदीच तोंड सपाट करून हवं असेल तर रबाळे एमआयडीसी किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्क घेणारी छोटी वर्कशॉप्स आहेत, तिथे मिलिंग करून घ्या. सरफेस ग्राइंडिंग मागू नका. ग्राइंडरच्या बेडवर चुंबकाची पकड असते आणि ॲल्युमिनियम तिला चिकटत नाही. स्टीलच्या चौकोनी नळीची फेन्स चिकटेल, पण चुंबक तिला ओढून सपाट करतो, तशीच घासली जाते आणि सोडल्यावर पुन्हा वाकते. मिलिंगच्या व्हाइसमध्ये दाबून धरली तरी तेच. ऑपरेटरला आधीच सांगा: "दादा, दाबून सरळ करू नका. जशी आहे तशी बसवा, खाली जिथे फट आहे तिथे पॅकिंग द्या आणि मग हलका कट घ्या." यातला मुद्दा अनुभवी माणसाला लगेच पटतो.

शेवटची जुळवणी

सरळ फेन्स आता खाचेशी समांतर करायची. पूर्ण समांतर किंवा मागच्या टोकाला 0.1 ते 0.2 मिमी उघडी, दोन्ही चालतं. मी किंचित उघडी ठेवतो, कारण लाकडी पट्टी पावसात थोडी हलली तरी मिटणाऱ्या बाजूला जाऊ नये. मागे मिटलेली फेन्स मात्र एका कागदाइतकीही नको. रायव्हिंग नाइफ (पात्यामागचा पातळ पत्रा, जो कापलेली फट मिटू देत नाही) परत बसवा, गार्ड लावा, पुश स्टिक हाताशी ठेवा आणि टाकाऊ प्लायवर काप घ्या. कापलेला तुकडा मधोमध आडवा तोडा, एक अर्धा उलटवून दोन्हींच्या ताज्या कडा एकमेकींना भिडवा आणि उजेडासमोर धरा. उलटवल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे इथे उजेड आला नाही तर चिकटवतानाही सहसा येणार नाही. आणि हे सगळं दुपारच्या 2 ते 4 मधे करू नका, सोसायटीत राहायचं आहे.

प्लायच्या टेबलाखाली उलटा कटर लावलेला असेल तर

घरगुती कामात हा जुगाड फार चालतो. त्यात फेन्स म्हणजे दोन सी-क्लॅम्पने धरलेली प्लायची पट्टी. वरचं पट्टीबद्दलचं सगळं इथेही लागू, पण जोडीला टेबलाचा पृष्ठभागही प्लायचाच असतो आणि तोही वाकतो. टेबलाला वरून मायका आणि खालून काहीच नाही, हीच शटरची गोष्ट पुन्हा. खालून लायनर लावा आणि कटरच्या दोन्ही बाजूंना आडव्या बत्त्या मारा. दोन क्लॅम्पच्या मधे पट्टी जोराने मागे दाबली तर वाकते, म्हणून पट्टीच्या पाठीवर काटकोनात दुसरी पट्टी उभी मारून एल आकार करा. अशा टेबलाला बहुधा रायव्हिंग नाइफ नसतो, त्यामुळे मागे 0.2 मिमी उघडं ठेवायला इथे विसरू नका, आणि वीतभराहून आखूड तुकडा फेन्सवर कापायला जाऊ नका. तो हातकरवतीने कापा.